बिस्किट गाईची वसुबारस

भागूबाईच्या सुनेच्या स्वयंपाकघरात कुठलीही वस्तू हातात घेऊन "ही कुठून आली गं?" असं विचारलं, की उत्तर ठरलेलं. दूध कुठून आलं? कॉस्टकोतून. अंडी? कॉस्टकोतून. भेंडी? इंडियन स्टोअरमधून. "अगं पण दुकानात कुठून आली?" असं भागूबाईनं खोदून विचारलं, की तिची आठ वर्षांची नात ज्ञानदा पुस्तकातून डोकं वर न काढता सांगायची, "ट्रकमधून, आजी."

ट्रकच्या पलीकडं काय आहे, हे त्या घरात कुणालाच सांगता येत नव्हतं.

गाव होतं ॲरिझोनातलं चँडलर, आणि साल दोन हजार पाच. भागूबाई जुन्नरच्या पलीकडच्या खेड्यातली. तिचा एकुलता एक मुलगा शशिकांत तिथं कॉम्प्युटरच्या पोटातले बारीक तुकडे बनवणाऱ्या कारखान्यात इंजिनिअर होता. त्यानं तिला बोलावून घेतलं ते नेमकं जूनमध्ये. बाहेर असलं ऊन की अंगणात पापड घातले असते तर ते वाळायच्या आधी भाजूनच निघाले असते. लोकांनी घरापुढं खडी पसरली होती, तिच्यात दोन काटेरी खुंट रोवले होते आणि तिला बाग म्हणत होते. रस्त्यावर माणूस नाही, कुत्रं नाही, शेणाचा पो नाही. पहिल्या आठवड्यात भागूबाई खिडकीत बसून बघायची आणि म्हणायची, "हितं कुणी मेलंय का रे? की सगळीच मेलीत?"

"आई, लोक एसीत आहेत," शशी म्हणायचा.

मग तिनं दुधाकडं मोर्चा वळवला. प्लॅस्टिकच्या कानवाल्या घागरीतून दूध येई. ती ते तापवी, रात्रभर ठेवी आणि सकाळी झाकण काढून बघे. साय नाही. दुसऱ्या दिवशी पुन्हा. साय नाही. सून विनीता पुण्याची, स्वभावानं गरीब. ती म्हणाली, "आई, हे टू पर्सेंट आहे. फॅट काढून घेतात."

"काढून घेतात ते ठेवतात कुठं?"

विनीतानं विचार केला. हा प्रश्न तिला कधी पडलाच नव्हता.

ज्ञानदाला झोपवायचं काम भागूबाईकडं होतं. नात इंग्रजी बोलायची, आजी मराठी, आणि दोघींचं उत्तम चालायचं. भागूबाई तिला आपल्या लहानपणीची जनावरं सांगायची. त्यात बांडी नावाची गाय होती. तिची शेपटी अर्धीच, पण डोकं दोन गाईंचं. दावं सोडून ती सरळ ओट्यावर चढायची आणि वाळत घातलेलं आजोबांचं धोतर काठासकट चघळत बसायची. आजोबा लंगोटीवर तिच्यामागं आणि सगळं गाव आजोबांमागं. मग बाळ्या बोकड. त्यानं भागूबाईच्या आत्याच्या लग्नात नवरदेवाच्या मुंडावळ्या खाल्ल्या होत्या, आणि त्या नवरदेवाच्या कपाळावर असतानाच. आणि तुर्रेबाज कोंबडा. तो शाळेच्या वाटेवर उभा राहायचा आणि गुरुजींना पुढं जाऊ द्यायचा नाही. दोन वर्षं गुरुजी छत्री उघडून शाळेत आले, ते पावसासाठी नव्हे.

"अँड देन?" ज्ञानदा विचारायची. "मग कोंबड्याचं काय झालं?"

"मग तो मामाच्या गावाला गेला."

"आणि बाळ्या?"

"तोपण मामाच्या गावाला."

ज्ञानदा अंधारात विचार करायची. "आजी, मामाच्या गावाला एवढे ॲनिमल्स? इज इट अ झू?"

भागूबाई तोंडावर पदर धरून हसायची. कारण हे मामाचं गाव ती स्वतः शोधून आलेली होती. लहानपणी घरातलं कुठलंही जनावर एकाएकी दिसेनासं झालं, की तिचे वडील सांगायचे, "मामाच्या गावाला गेलं." तिला ते खरंच वाटायचं. एका दिवाळीत ती ओतूरला मामाकडं गेली तेव्हा दारात पाय न धुता आधी खुराड्यात डोकं घालून आली. मामाकडं होती एक दात पडलेली शेळी. "मामी, आमचा तुर्रेबाज कुठंय?" असं तिनं विचारलं तेव्हा मामी इतकी हसली की तिला जात्याचा खुंटा धरावा लागला. घरी येऊन तिनं वडिलांना जाब विचारला. वडील म्हणाले, "पोरी, त्या दिशी तू दोनदा रस्सा मागून घेतलास ना? तवा मामाचं गाव तुझ्या ताटातच हुतं."

भागूबाई दोन दिवस जेवली नाही. तिसऱ्या दिवशी जेवली. पुढं आई झाल्यावर तिनं शशीला तेच सांगितलं आणि नवऱ्यानंही तेच सांगितलं. शशी हुशार, बोर्डात नंबरात आलेला. पण हुशार पोरांचं असंच असतं. दहावीपर्यंत त्याला वाटत होतं की मामाकडं मोठा गोठा आहे आणि मामा कंजूष म्हणून दाखवत नाही.

उन्हाळा सरला, दिवाळी तोंडावर आली, आणि भागूबाईनं भाजणी करता करता सुनेला विचारलं, "वसुबारसेला गाय कुठं मिळंल?"

विनीताच्या हातातला झारा थांबला.

वसुबारस म्हणजे दिवाळीचा पहिला दिवस. बायका दिवसभर उपास धरतात, संध्याकाळी गाईची आणि तिच्या वासराची पूजा करतात, हातानं घास देतात आणि मग बाजरीची भाकरी नि गवारीची भाजी खाऊन उपास सोडतात. त्या दिवशी दुधा-तुपाला हात लावायचा नाही. ते वासराचं. हे सगळं करायचं ते लेकरासाठी. शशी पाळण्यात असताना त्याला घटसर्प झाला होता. तेव्हापासून भागूबाईनं एकही वसुबारस चुकवली नव्हती. शशी जगला, शिकला, विमानात बसून अमेरिकेला आला, आणि या सगळ्यातलं निम्मं श्रेय आपल्या उपासाचं आहे, याबद्दल तिला तिळमात्र शंका नव्हती. निम्मं ती शशीला द्यायची.

"आई," विनीता हळूच म्हणाली, "मराठी मंडळाच्या बायका मिळून करतात. रेणूकाकूंकडं चांदीची गाय आहे. वासरू पण आहे तिला."

"चांदीची गाय घास खाती व्हय?"

ज्ञानदानं आपल्या खेळण्यातली गाय आणली. पोटावर दाबलं की ती हंबरायची. भागूबाईनं ती कानाशी धरून ऐकली आणि परत दिली. "हिचं दूधपण टू पर्सेंट असंल."

"आणि नाहीच मिळाली तर?" शशीनं विचारलं.

"तर मिळंपर्यंत जेवायचं नाय."

ती हे रागानं म्हणाली नाही. भाजणी चाळता चाळता म्हणाली, आणि म्हणूनच शशी घाबरला. आईला साखर होती. दोन वेळच्या गोळ्या होत्या. एकदा ती बोलली की ॲरिझोनातले डोंगर हलले असते, ती हलली नसती.

वसुबारस शनिवारी आली हे नशीब. भागूबाईनं पहाटे उठून बाजरी दळली. बाजरी तिनं गावाहून साड्यांच्या घड्यांत लपवून आणली होती आणि मिक्सरवर थोडी थोडी फिरवून, मिक्सरला शिव्या देत, पीठ केलं होतं. भाकरी थापल्या, उडदाचे वडे तळले, गवार डब्यात भरली. घरात दूध बंद, म्हणून शशीनं काळा चहा प्याला आणि ज्ञानदानं कोरडं सिरियल कुडूमकुडूम चावलं. विनीता चकल्यांचा घाणा टाकून घरीच राहिली. दुपार कलल्यावर मायलेक आणि नात, असे तिघं गाडीत बसले.

शशीनं इंटरनेटवर बघून ठेवलं होतं. चँडलरच्या दक्षिणेला डेअऱ्या आहेत. खरं तर बघायची गरज नव्हती. काच खाली केल्याबरोबर भागूबाईनं नाक वर केलं आणि म्हणाली, "डाव्या अंगाला घे."

पहिल्यांदा तिचा विश्वासच बसेना. लांबच लांब छपरं, आणि त्यांच्याखाली काळ्या-पांढऱ्या गाई, नजर पोचेल तिथवर. वर पंखे लावलेले. पंख्यांतून पाण्याचे बारीक फवारे उडत होते.

"अरे, गाईंना पंखं!" भागूबाई उतरून उभीच राहिली. "तुझ्या बापाला जल्मात फवारा मिळाला नाय."

पण बघता बघता तिच्या लक्षात आलं. तिनं एक रांग बघितली, दुसरी बघितली, कुंपणाला धरून थोडी चाललीसुद्धा. "शशी, वासरं कुठंयत?"

ऑफिसातली मुलगी गोड होती. तिनं रस्त्यापलीकडं बोट दाखवलं. तिथं पांढऱ्या प्लॅस्टिकच्या खोपटांच्या रांगा होत्या, आणि एकेका खोपटातून एकेक वासरू तोंड काढून बघत होतं. जन्मल्यावर लगेच तिकडं नेतात, ती म्हणाली. बाटलीनं पाजतात. आया इकडं, पोरं तिकडं.

"मधी रस्ता?" भागूबाईनं विचारलं.

"मध्ये रस्ता," शशी म्हणाला.

"मंग ही नाय चालायची. गाय-वासरू एका जागी पायजेत. पूजा आईची असती रे बाबा, दुधाच्या मशिनीची नाय."

शशीनं त्या मुलीला पुन्हा समजावलं. गाय आणि तिच्याजवळ तिचं वासरू, असं कुठं मिळेल? मुलीचा चेहरा उजळला. म्हणाली, असं होय! मग तुम्हाला रँच हवी. पुढं वाळवंटाच्या कडेला डेल म्हणून म्हातारा आहे. त्याच्याकडं सगळ्या गाई वासरांसकट मोकळ्या फिरतात. हे सांगताना ती आणखी एक वाक्य बोलली. ते ऐकून शशीचा चेहरा दूध नासल्यासारखा झाला.

गाडीत बसल्यावर तो मागं वळून ज्ञानदाला हळू आवाजात इंग्रजीत काहीतरी म्हणाला. भागूबाईला इंग्रजी येत नव्हतं. पण त्या वाक्यात "आजी" हा शब्द होता, आणि तो ज्या सुरात आला तो सूर तिच्या ओळखीचा होता. घरात पाहुणे असताना डब्यातले लाडू संपले की माणूस अशा सुरात बोलतो.

"काय म्हणाला गं तुझा बाप?"

"नथिंग, आजी," ज्ञानदा म्हणाली आणि खिडकीबाहेर बघू लागली. हातपाय घट्ट आवळून, ओठ मिटून. पोटात गोष्ट ठेवलेलं लेकरू लगेच कळतं.

डेलचं कुंपण लागलं तेव्हा ऊन उतरायला लागलं होतं. वाळलेलं गवत, काटेरी झुडपं आणि त्यात तांबड्या गाई. तोंडं पांढरी, जणू आत्ताच पिठाच्या डब्यात घालून बाहेर काढलेली. आणि प्रत्येकीच्या पोटाशी तिचं वासरू. कुणी लुचतंय, कुणी उगीच शेपटी वर करून पळतंय. एका वासरानं आईला अशी ढुशी मारली की भागूबाईच्या तोंडून "हळू रे मेल्या!" निघून गेलं, आणि डोळ्यांत पाणी आलं. अमेरिकेत आल्यापासून तिनं कुणाला पहिल्यांदाच आईजवळ बसून जेवताना बघितलं होतं.

डेल उंच, वाळका म्हातारा. डोक्यावर टोपी, दातांत काडी, चालणं असं की घाई हा शब्द कुणी त्याला शिकवलाच नसावा. शशी त्याला सगळं सांगत होता आणि तो ऐकत होता.

"हातानं खायला घालायचं," डेल म्हणाला. "बरं."

"आणि कपाळाला लाल पावडर लावायची."

"कुणाच्या?"

"गाईच्या."

डेलनं काडी या गालातून त्या गालात नेली. भागूबाईकडं बघितलं. नऊवारी नेसलेली, हातात ताट धरलेली, दिवसभराची उपाशी आणि तरी ताठ उभी राहिलेली बाई. त्यानं टोपीला हात लावला. "मॅम, माझी बिस्किट गरीब आहे. बाटलीवर वाढवलीय मी तिला. बाकीच्या तुम्हाला आडव्या करतील."

गाईचं नाव बिस्किट आहे असं कळल्यावर ज्ञानदाला हसू आवरेना. भागूबाईला मात्र त्यात काही वावगं वाटलं नाही. तिच्या माहेरी एका म्हशीचं नाव कलेक्टर होतं.

ज्ञानदाला गाडीपाशी ठेवून भागूबाई नि शशी फाटकातून आत गेले. भागूबाईनं भाकरीचा तुकडा पुढं धरला आणि लहानपणी बांडीला घालायची तशी साद घातली. "ये गं बाई, ये, ये, हाऽऽ हाऽऽ."

बिस्किटीनं मान वर केली, बघितलं आणि पुन्हा खाली घातली. भागूबाईनं आणखी गोड साद घातली. बिस्किटीनं पाठ फिरवली.

"थांबा," डेल म्हणाला. त्यानं बादलीत दोन मुठी दाणे टाकले आणि बादली खडखडवली.

तो आवाज नुसता बिस्किटीला कळला असता तर बरं झालं असतं. झुडपांतून, ओहोळातून, टेकाडामागून, जिथं म्हणून गाई होत्या तिथून त्या निघाल्या. धूळ उठली. जमीन हलली. शेतकऱ्याचं पोर शशिकांत, लहानपणी बैलांच्या शेपट्या पिरगाळलेला, एका उडीत कुंपणावर चढला आणि गाडीची किल्ली दातांत धरून तिथंच बसला. भागूबाई जागची हलली नाही. ताट डोक्यावर धरून तिनं ओरडून सांगितलं, "रांगेत या गं रांडांनो! सगळ्यांना पुरणार नाय!"

त्यांना मराठी कळलं की आवाज कळला, देव जाणे. पण त्या थांबल्या. डेल नंतर म्हणाला की आपण त्यांना कधी असं थांबलेलं बघितलं नाही. आणि त्या गर्दीतून खांदे मारत पुढं आली ती बिस्किट, मागं तिचं वासरू, छोटा गोऱ्हा, तिच्याइतकाच पिठाळ तोंडाचा.

ताट खाली आलं. हळद, कुंकू, झेंडूची दोन फुलं, वात घातलेलं निरांजन. भागूबाईनं काडेपेटी काढली तसा डेल पहिल्यांदा घाईनं बोलला. "नो, नो, मॅम! गवत वाळलंय. एक ठिणगी पडली तर थेट मेक्सिकोपर्यंत पेटेल." मग आपण बाईचा दिवा विझवला असं त्याला वाटलं असावं. त्यानं खिशातून बॅटरी काढली, लावली आणि ताटात निरांजनाशेजारी आडवी ठेवली. भागूबाईनं ती नीट उभी केली. चालंल, म्हणाली.

आणि पूजेला हात लावायच्या आधी तिला विचारावंसं वाटलं. "शशी, विचार त्याला, दूध किती देते?"

शशीनं कुंपणावरूनच विचारलं. डेल म्हणाला, "काढत नाही. सगळं वासराचं."

"थेंबभरपण नाय?"

"थेंबभरही नाही."

भागूबाईनं ताट सावरून एका हातानं डेलला नमस्कार केला. पन्नास-साठ गाई पाळायच्या आणि दुधाला शिवायचं नाही! आपल्याकडं मोठमोठ्या कीर्तनकारांच्या गोठ्यातसुद्धा वासराला दोन सडं सोडतात ती मोजून. हा माणूस बारा महिने वसुबारस पाळत होता. पण भागूबाई शेतकऱ्याच्या घरातली होती, आणि शेतकऱ्याच्या बाईचं डोकं भक्तीत बुडालं तरी हिशेबाचं बोट वर राहतं.

"मंग हा खातो काय? एवढं खटलं चालवतो कशावर?"

"आवड आहे त्याला," शशी म्हणाला.

"आन् हे गोऱ्हे मोठे झाले म्हंजी?"

शशीनं गाडीकडं बघितलं. ज्ञानदाकडं बघितलं. मग लांब कुंपणाच्या तारेकडं बघत राहिला, आणि त्याच्या तोंडून आपोआप निघून गेलं, "ते… मामाच्या गावाला जातात."

 बिस्किट तेवढी नाकानं फुरफुरली.

भागूबाईनं मुलाकडं बघितलं. तो अजून तारेकडंच बघत होता. तिनं डेलकडं बघितलं. तो बिचारा काडी चावत हसतमुख उभा होता. तिनं सगळ्या तांबड्या, धष्टपुष्ट, पिठाळ तोंडांवरून नजर फिरवली आणि ट्रकच्या पलीकडं काय असतं ते तिला दिसलं.

हातात ताट, ताटात बॅटरी. आता काय करायचं?

तिला आईची आठवण झाली. बांडीला एकदा खोंड झाला होता, चिंग्या. त्याला भागूबाईनंच हातानं वाढवलं होतं. वसुबारसेला आईनं बांडीबरोबर चिंग्याचीही पूजा केली आणि पुढच्याच महिन्यात वडिलांनी त्याला बेल्ह्याच्या बैलबाजाराला नेलं. नेताना आईनं त्याच्या कपाळाला पुन्हा कुंकू लावलं होतं. त्या दिवशी घरातल्या सगळ्या भाकरी करपल्या, आणि करपल्या कशा असं कुणी विचारलं नाही.

"आई, राहू दे हवं तर," शशी म्हणाला. "दुसरीकडं बघू."

"का? हिला काय धाड भरलीय?" भागूबाई म्हणाली, आणि तिनं बिस्किटीच्या कपाळावर हळदीचं बोट ओढलं.

पूजा यथासांग झाली. म्हणजे बिस्किटीनं आधी झेंडूची फुलं खाल्ली, मग भाकरी खाल्ली, मग वडे हुंगून नाक मुरडलं, मग भागूबाईच्या पदराचं टोक तोंडात घेतलं. "बांडीचीच जात," भागूबाई पदर ओढत कौतुकानं म्हणाली. बॅटरी ओवाळताना तिचा झोत दर फेऱ्याला शशीच्या डोळ्यांवर पडत होता, तो चुकून पडत होता की कसं, ते तिलाच ठाऊक. शेवटी तिनं गुळाचा मोठा खडा काढला, गोऱ्ह्यापुढं धरला आणि त्याच्या कानात सांगितलं, "खा बाबा. तुला लांब जायचंय. पोटभर खाऊन जा."

गोऱ्ह्यानं गूळ तर खाल्लाच, हातही चाटून घेतला.

मग तिनं डेललाही कुंकू लावलं. तो टोपी काढून वाकला. बाईनं आपल्या गाईला मान दिला, आपल्याला दिला, याचा त्याच्यावर फार परिणाम झाला असावा. तो घरात गेला आणि पांढऱ्या कागदात बांधलेला वीटभर पुडा घेऊन आला. पुड्यावर बर्फाचा भुगा जमला होता. दोन्ही हातांवर धरून त्यानं तो भागूबाईपुढं केला. "माझ्या दारातून कुणी रिकाम्या हातानं जात नाही, मॅम."

शशी कुंपणावरून उतरला तो जवळजवळ पडलाच. "आई, घेऊ नको! म्हणजे, ते, गिफ्ट आहे, पण, जड आहे…"

"आजी, दॅट्स…" ज्ञानदा म्हणाली.

"ज्ञानदा!" शशी ओरडला.

भागूबाईनं पुड्याला बोट लावलं नाही. डेलच्या तोंडाकडं बघितलं. दारी आलेल्याला घरातलं सगळ्यात चांगलं द्यावं असं त्या तोंडावर लिहिलं होतं, आणि ते तिला वाचता येत होतं. "शशी, नीट सांग त्याला. म्हणावं, दादा, तुझा मान डोक्यावर. पर हे आमच्या चुलीवर चढत नाय. तुला द्यायचंच आसंल तर शेण दे."

"शेण?"

"मंग? पाडव्याला अंगणात मांडायच्या गवळणी कशाच्या करू? कॉस्टकोच्या?"

शशीनं सांगितलं. डेलला वाटलं आपल्या कानात धूळ गेली. त्यानं पुन्हा विचारलं. शशीनं पुन्हा सांगितलं आणि हातांनी आकारही दाखवला. डेलनं पुडा काखेत मारला, टोपी मागं सरकवली आणि इतका वेळ हसला की शेवटी त्यानं बिस्किटीचाच आधार घेतला. मग झाकणाची मोठी बादली भरून, वर दाबून, स्वतः गाडीच्या डिकीत ठेवून आला. ताजं होतं. बिस्किटीचंच.

परत निघाले तेव्हा शशीनं एसी लावला, आणि लगेच बंद केला. काचा उघडल्या.

गाडी मोठ्या रस्त्याला लागली. मग तो म्हणाला, "कधी कळलं तुला?"

"तू तारंकडं बघून बोललास तवा. तुझा बापपण कुंपणाकडं बघूनच सांगायचा."

"रागावलीस?"

"त्या म्हाताऱ्यावर? तो वासराला आईजवळ तरी ठिवतो. आन् घरातलं खाणं दारात घिऊन येतो." भागूबाईनं मांडीवरचा भाकरीचा डबा नीट केला. मग सहज विचारावं तसं विचारलं, "तू खातोस का रे?"

शशीनं आरशात बघितलं. डावीकडं बघितलं. रस्ता सरळ होता, पुढं एकही गाडी नव्हती, तरी त्यानं उगीच इंडिकेटर लावला.

"एव्हरी फ्रायडे, आजी," मागून ज्ञानदा म्हणाली. दुपारपासून आवळून धरलेलं तोंड अखेर सुटलं होतं. "विथ हिज टीम. आईला पण माहीत नाही."

इंडिकेटर टकटक करत राहिला. डिकीत बादलीचं झाकण वाजत होतं.

भागूबाई समोर बघत बसली. ज्या लेकरासाठी जन्मभर गाईच्या पाया पडून उपास केले, ते लेकरू दर शुक्रवारी… तिनं तोंडावर पदर घेतला. तिचे खांदे हलायला लागले. शशीनं घाबरून गाडी कडेला घेतली. "आई! आई, रडू नको, मी सोडतो, आजपासून…"

भागूबाईनं पदर काढला. ती रडत नव्हती. "म्हंजी मी हिकडं त्यांच्या पाया पडती," ती हसता हसता दम खात म्हणाली, "आन् तू तिकडं… अरे देवा… म्हनून तर एवढ्या उपासांनी तुझं टक्कल काय थांबंना!"

ज्ञानदा हसायला लागली. शशीला हसावं की नाही ते कळेना, म्हणून तो डोक्यावरून हात फिरवत बसला.

"आई, मग आता तुझं व्रत?"

"माझ्या व्रताला काय झालं? बिस्किटीनं माझा घास घेतला. तिचं-माझं मिटलं." तिनं डबा उघडला. "तिचं-तुझं काय ते शुक्रवारी तू बघ."

रस्त्याच्या कडेला, उघड्या काचांच्या गाडीत, शेणाच्या वासात भागूबाईनं उपास सोडला. एक भाकरी तिनं मोडून ज्ञानदाला दिली, वर गवार घालून. दुसरी शशीच्या हातात ठेवली. तो तिच्याकडं नुसता बघत राहिला.

"बघतोस काय, खा," भागूबाई म्हणाली. "गावाकडच्या आपल्या विहिरीवरच्या पट्टीतली बाजरी हाय. ही कुठनं आली ते मला ठावं हाय."